मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये मुलाचे २० तासांपेक्षा जास्त काम झाले आहे

नमस्कार. मी फोंड्याहून लिहितेय. धाकटा मुलगा सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये मास्टर्स करतोय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, या महिन्यात बरे पैसे सुटले." खोदून विचारलं तेव्हा कळलं की गोदामात पॅकिंगचं काम एका आठवड्यात २७ तास आणि दुसऱ्यात ३१ तास केलंय. सुपरवायझर म्हणाला, माणसं कमी आहेत, थांब; हा थांबला. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे हे त्याला ठाऊक आहे. पण त्याचा हिशेब असा, की पुढचे दोन आठवडे ११-११ तास केले की सरासरी जुळते. हे चालतं का?

त्याच्या खोलीत मडगावचा एक मुलगा आहे. तो पोर्तुगीज पासपोर्टवर २०२० संपायच्या आधीच तिथे गेला, सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहायची नि काम करायची परवानगी, मिळालंय, वाटेल तितके तास काम करतो. आमच्या गोव्यातले असे कितीतरी जण तिथे आहेत. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघांना वेगवेगळे नियम, हे माझ्या मुलाच्या मनात उतरतच नाही. आता तो मित्र म्हणतोय, संध्याकाळी माझ्या अकाउंटवरून जेवणाची डिलिव्हरी कर. शिवाय जूनपासून सुट्टी म्हणून फुलटाइम करायचा याचा बेत आहे.

घर तारण ठेवून कर्ज काढलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, रात्री झोप लागत नाही. त्याने युनिव्हर्सिटीत स्वतःहून सांगावं का? शिक्षण झाल्यावर तिथे काम करण्यासाठी मिळणारा पुढचा ग्रॅज्युएट व्हिसा अडेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी म्हापशाची, तिथेच मास्टर्स करून आलेय. सरासरी अजिबात चालत नाही. सोमवार ते रविवार असा प्रत्येक आठवडा स्वतंत्र मोजतात, आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास, बिनपगारी कामाचेसुद्धा, एकत्र धरतात. म्हणजे दोन आठवडे उल्लंघन झालेलं आहे. पगाराची नोंद कर खात्याकडे असतेच. व्हिसा रद्द होऊ शकतो, मग कोर्सही गेला आणि फीही. पुढच्या अर्जातही हे आड येऊ शकतं.

जूनचा बेत तर आधी मोडा. मास्टर्सवाल्यांना उन्हाळा सहसा सुट्टी नसते, प्रबंध सादर होईपर्यंत २० तासच. डिलिव्हरी म्हणजे स्वयंरोजगार धरतात. स्टुडंट व्हिसावर तो एक तासही चालत नाही, दुसऱ्याच्या अकाउंटवरून तर मुळीच नको.

त्याने आजच सुपरवायझरला लेखी कळवावं, २० च्या वर एक मिनिटही नाही. मालकही ऐकेल, कारण फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा काम करवल्यास पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पगारपत्रकं आणि कामाच्या पाळ्यांचा तक्ता जपून ठेवा. युनिव्हर्सिटीला व्हिसाबाबतच्या गोष्टी गृहखात्याला कळवाव्या लागतात, म्हणून आधी विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराकडे किंवा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडे जा, त्यांच्याशी बोलून मगच काय सांगायचं ते ठरवा. पुढच्या कुठल्याही अर्जात खोटं लिहू देऊ नका. फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

आणि ह्यांना सांगा, ताई. एकटीने उरावर घेऊ नका.

धागाकर्ती:

खूप आभार. त्याने आत्ताच सुपरवायझरला मेल केला, मला प्रतही पाठवली. सोमवारी विद्यार्थी संघटनेत जातोय. ह्यांना आज जेवताना सांगते.