चौदाव्या दिवशी अर्जाला 'त्रुटी' लागली. मुदत आता कुठून मोजायची?

कोरडवाहू
शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरला. पावतीवर पंधरा दिवसांनंतरची तारीख छापून आली. चौदाव्या दिवशी ऑनलाइन स्थिती 'त्रुटी' झाली. शेरा एवढाच: 'कागदपत्रे अपूर्ण'. केंद्रचालक म्हणतो, नवीन अर्ज टाका. म्हणजे पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून? आणि अपील करायचं तर कशाविरुद्ध करायचं, अर्ज फेटाळलेला तर नाहीच. क्रमाने सांगा.

टपाल शाखा
आधी एक करा, नवीन अर्ज टाकू नका. मुदत अर्ज क्रमांकाला बांधलेली असते. क्रमांक बदलला की तारीख बदलते, जुना अर्ज निकाली निघाल्यासारखा दिसतो आणि महिनाअखेरच्या तक्त्यात विलंब शून्य. शेवटच्या दोन दिवसांत त्रुट्यांचा पाऊस पडतो तो यासाठीच.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चं कलम ५ पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) दोनच गोष्टी करायला सांगतं: मुदतीत सेवा द्या, नाहीतर कारणं लेखी नोंदवून अर्ज फेटाळा आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं तेही कळवा. 'कागदपत्रे अपूर्ण' या दोन शब्दांत कारणही नाही आणि आदेशही नाही.

पण कार्यालयाचीही एक बाजू आहे, ती समजून घ्या. मुदत परिपूर्ण अर्जापासून सुरू होते. कागद खरोखर राहिला असेल तर तुमचा मुद्दा लंगडा पडतो. म्हणून:

१. स्थितीचं पान तारखेसह आजच छापून ठेवा. शेरा नंतर बदलतो.
२. साध्या कागदावर अर्ज: 'अर्ज क्रमांक अमुक, नेमका कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवावे.' दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसती सही चालवून घेऊ नका.
३. कागद खरंच कमी असेल तर त्याच क्रमांकावर जोडा.
४. पावतीवरची तारीख उलटली की पहिलं अपील. त्यासाठी ३० दिवस आहेत. उशिराचं सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं, पण त्या भरवशावर बसू नका.

अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर असतं. तो फलक लावणं बंधनकारक आहे. नसेल तर अपिलात तेही एका ओळीत लिहा.

सातबारा वाचक
वरच्यात भर. उत्पन्नाच्या दाखल्यात अर्ज अडकण्याची खरी कारणं मोजकीच असतात. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगळं. तलाठ्याचा (हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी) अहवाल एका वर्षाचा आणि अर्जात निवड तीन वर्षांच्या दाखल्याची. स्वयंघोषणापत्रावर सही राहिलेली. आणि स्कॅन: केंद्रात फाइल लहान करण्याच्या नादात अहवालावरचा शिक्का काळा ठिपका होऊन बसतो. लिपिकाच्या पडद्यावर तो कागद 'आहे' पण वाचता येत नाही, की लागला 'अपूर्ण'चा शेरा. केंद्रातून उठण्याआधी चढवलेली प्रत उघडून स्वतः वाचा, दोन मिनिटं लागतात.

कोरडवाहू
तपासलं. अहवाल एका वर्षाचा, अर्ज तीन वर्षांचा. चूक आमचीच म्हणायची. पण शेऱ्यात हे का लिहू नये? आणि तरीही तारीख उलटली तर अपिलात काय लिहू? दंडाची मागणी करू का?

टपाल शाखा
तीन वर्षांचा अहवाल आणून त्याच क्रमांकावर जोडा. शिष्यवृत्तीला एका वर्षाचा दाखला चालतो का, तेही जाहिरातीत बघा. चालत असेल तर तीन वर्षांच्या मागे लागू नका.

अपील एका पानापेक्षा मोठं नको. मजकूर साधारण असा:

'अर्ज क्रमांक ___, दिनांक ___. पावतीनुसार सेवेची तारीख ___. दिनांक ___ रोजी कागदाचे नाव न देता त्रुटी दर्शवली. दिनांक ___ च्या अर्जाने (आवक क्र. ___) विचारणा केली. दिनांक ___ रोजी पूर्तता केली. अद्याप दाखला नाही, लेखी नकारही नाही. दाखला देण्याचे आदेश व्हावेत.'

पहिल्या परिच्छेदातच दंड मागितला की अपिलाचा सूर बदलतो. दंड लावण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे फाइल तिकडे वळते. दाखला ही पहिली मागणी, विलंबाची जबाबदारी निश्चित करणं ही शेवटची ओळ.

चावडी
इथे मी असहमत. दंडाची ओळ ठळक हवी. कलम १० नुसार दंड ५०० ते ५,००० रुपये, पण पहिला अपिलीय अधिकारी म्हणजे त्याच माणसाचा वरिष्ठ. रोज एकत्र बैठका घेणारी माणसं. मागितल्याशिवाय तो लावेल का? शिवाय वरिष्ठानेच अपील वारंवार रखडवलं किंवा कनिष्ठाला पाठीशी घातलं तर त्याच्यावरही तेवढाच दंड बसू शकतो. हे वाक्य अपिलात असलं की सुनावणी लवकर लागते.

मध्य प्रदेशने २०१० मध्ये असा कायदा पहिल्यांदा आणला. तिथे विलंबाच्या दर दिवसाला २५० रुपये, कमाल ५,०००, आणि ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. ताटकळलेल्या माणसाच्या हातात काहीतरी पडतं. आपल्याकडे दंड वसूल झाला तरी हेलपाट्यांचा एसटी खर्च ज्याचा त्यालाच.

टपाल शाखा
मान्य, दुसऱ्या अपिलात नक्की लिहा. पहिल्या अपिलाचा निकाल ३० दिवसांत द्यायचा असतो. निकाल पटला नाही तर तिथून ३० दिवसांत दुसरं अपील, त्यापुढे ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोग. शिष्यवृत्तीची तारीख जवळ असलेल्याला आयोगाचा रस्ता लांबचाच, म्हणून पहिल्या अपिलावर जोर द्या.

बांधावरून
हाच मार्ग फेरफारासाठी चालेल का? खरेदीखत नोंदवलंय, सातबाऱ्यावर नाव नाही.

सातबारा वाचक
इथे घोळ होतो, कारण 'आरटीएस' दोन आहेत. लोकसेवा हक्काला लोक आरटीएस (राइट टू सर्व्हिस) म्हणतात आणि महसूल कार्यालयात फेरफाराविरुद्धच्या अपिलालाही आरटीएस अपील म्हणतात. खिडकीवर नुसतं 'आरटीएस करायचंय' म्हणालात तर दुसराच नमुना हातात मिळेल.

तुमची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, धरली आहे का, ते आधी बघा. धरली असेल तर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जातं, आणि तिथे उशिराची तक्रार करून उपयोग नाही, सुनावणीच लढवावी लागते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद रद्द केली तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

हरकत नाही, रद्दही नाही, नुसतीच पडून आहे? मग अधिसूचित सेवांच्या यादीत तुमची बाब आहे का ते पोर्टलवर पाहा. यादीत नसलेल्या कामाला लोकसेवा हक्क लागू होत नाही. तिथे २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा उरतो. त्याच्या कलम १० प्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. त्यात वेगळं अपील नाही, आयोग नाही, वरिष्ठाने शिस्तभंगाची कारवाई करायची. म्हणून तहसीलदारांना पत्र देताना 'दिरंगाई होत आहे' असं मोघम लिहू नका. नोंद क्रमांक, नोटिशीची तारीख, हरकतीची मुदत संपल्याची तारीख आणि त्यानंतर फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे, एवढं लिहा.