जुन्या व्हीलचेअर गोळा करण्याबाबत

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

यंदाचा मदतनिधी शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी द्यायचं कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं. जिथून दवाखाना लांब आहे आणि थेरपिस्ट कधी फिरकतच नाही, अशा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेशी बोलणं चालू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वापरात नसलेल्या व्हीलचेअर पडून आहेत. त्या गोळा करून, साफसूफ करून एक कंटेनर पाठवावा असा प्रस्ताव आहे. निदान चाळीस खुर्च्या जमतील अशी आशा आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आठवड्याभरात कळवावं.

आपला,
सचिव

---

प्रेषक: ताई
प्रति: सर्व सभासद

सचिवसाहेब, मंडळी,

हा विषय निवडलात याचा फार आनंद झाला. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून रुग्णांना शिकवणारी, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मी अशाच वस्त्यांमध्ये काढली. त्या अनुभवावरून विनंती करते की कंटेनरचं काम इथेच थांबवा. कारण सांगायला थोडी जागा घेते.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल आणि तोल बिघडणं) असलेला आठेक वर्षांचा एक मुलगा होता. त्याला कुठून तरी दानात आलेली मोठ्या माणसाची खुर्ची मिळाली होती. तिची बैठक अठरा इंच रुंद. त्या वयाच्या मुलाची कंबर त्याच्या निम्म्याच्या थोडी पुढे-मागे. तो सतत एका कुशीला कलंडायचा, म्हणून आईने त्याला ओढणीने खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवलं होतं. पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नव्हते, ते अधांतरी लोंबकळायचे. मी त्याला पाहिलं तेव्हा त्या बसण्याला दीड वर्ष झालं होतं आणि पाठीचा कणा डावीकडे वळायला लागला होता. आईने काहीच चुकीचं केलं नव्हतं. खुर्ची मिळाली, मुलगा बसता झाला, एवढंच तिला कोणी सांगितलं होतं.

दुसरी एक मुलगी, स्पायना बायफिडाची, म्हणजे जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेली. कमरेखाली संवेदना नाही. तिच्या खुर्चीला नुसतं ताणलेलं रेक्झिन होतं, गादी नव्हती. बसण्याच्या हाडाखाली जखम झाली, पण दुखलंच नाही तर मूल सांगणार कसं? वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. ती वाचली, पण चार महिने तिने पोटावर झोपून काढले. चांगली गादी, दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय आणि रोज संध्याकाळी आरसा धरून कातडी बघणं, एवढ्याने हे टळलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनांच्या भागांसाठी व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आठ पायऱ्या आहेत, आणि मूल खुर्चीत प्रत्यक्ष बसतं ते सहाव्या पायरीला. आधी तपासणी, मापं, निवड. मग बसवून बघणं, वापरायला शिकवणं, दुरुस्ती आणि पुन्हा पुन्हा भेट. २०२३ च्या नव्या सूचनांत त्याच्या चार पायऱ्या केल्या: निवड, मापात बसवणं, शिकवणं, पाठपुरावा. आपल्या कंटेनरमधून यातलं काहीच जाणार नाही.

आणि खुर्ची ही पहिली गरज असतेच असंही नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला विचाराल तर भरवायला शिकवण्यात. ज्या मुलाला मान धरता येत नाही त्याला आई मांडीवर उताणं घेते, डोकं मागे पडतं, आणि तसाच वरून घास जातो. मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेत उतरायचा धोका वाढतो. ठसका लागतो, छाती भरते, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ताप. मूल जेवायलाच घाबरतं, आणि घरात सगळे म्हणतात, ‘या मुलांना भूक नसते.’ पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणारा माणूस समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. हे दाखवायला अर्धा तास लागतो, अंगवळणी पडायला तीन-चार भेटी. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळजवळ २४ कोटी मुलांना काही ना काही अपंगत्व आहे, आणि त्यांची वाढ खुंटलेली असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त आहे. हा आकडा वाचला की मला ते मांडीवरचं मागे पडलेलं डोकं दिसतं.

तुमची,
ताई

---

प्रेषक: नाना
प्रति: सर्व सभासद

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी वैद्यकातला माणूस नाही, जन्मभर यंत्रं केली. तरी एक शंका मनातून जात नाही. मापाची खुर्ची मिळेपर्यंत त्या मुलाने काय करायचं? जमिनीवर पडून आढ्याकडे बघत राहायचं? अगदीच काही नसण्यापेक्षा ढिली खुर्ची बरी, असं मला अजून वाटतं. उंबऱ्याबाहेर तरी जाईल पोर.

दुसरं, तुम्ही दुरुस्तीचा उल्लेख केलात पण त्यावर बोलला नाहीत. आपल्याकडच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीसाठी केलेल्या असतात. पुढची चाकं लहान आणि भरीव. खडीत किंवा वाळूत ती रुततील आणि खुर्ची तोंडावर पालथी होईल. बेअरिंगमध्ये माती गेली की खेळ संपला, आणि त्या मापाचं बेअरिंग तिथे मिळणार नाही. यावर कोणी काम केलंय का?

नाना

---

प्रेषक: ताई
प्रति: सर्व सभासद

नाना,

तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि मीही अनेकदा तिच्यापाशी अडले आहे. ज्या मुलाचा तोल चांगला आहे, हातात जोर आहे, संवेदना शाबूत आहे, त्याला थोडी मोठी खुर्चीही उपयोगी पडते. तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ज्याला स्वतःला सावरता येत नाही किंवा ज्याला दुखलेलं कळत नाही, त्याला नको. हा फरक कंटेनर उघडणाऱ्याला कसा कळणार, ही माझी अडचण आहे.

आता वाट बघण्याबद्दल. झिंबाब्वेमध्ये बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकाने जुनी खोकी, रद्दी आणि पिठाची खळ यांपासून मुलांची बसायची आसनं आणि उभं राहायच्या चौकटी करायची पद्धत रुजवली. पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चिकटवायचे, दाबायचे, नीट वाळू द्यायचे, मग रंग किंवा वॉर्निश. वाळलेला थर इतका कडक होतो की त्यावर मोठा माणूस उभा राहावा. अट एकच, पाणी लागता कामा नये. मी स्वतः आयांबरोबर अशी आसनं केली आहेत. मुलाला मध्ये बसवून माप घ्यायचं, मांड्यांमध्ये खुंटी ठेवायची, म्हणजे ते घसरत नाही. वर्षभरात मूल वाढतं, तेव्हा आई दुसरं करते, कारण करायचं कसं ते तिच्या हाताला ठाऊक झालेलं असतं. ज्या दिवशी मूल पहिल्यांदा ताठ बसून आजूबाजूला बघतं तो दिवस मी कितीदा पाहिला तरी माझे डोळे भरून यायचे थांबले नाहीत.

खडीच्या रस्त्याबद्दल. राल्फ हॉचकिस या अमेरिकन इंजिनिअरने त्यावरच आयुष्य घातलं. १९६६ मध्ये, विद्यार्थी असताना, मोटरसायकलच्या अपघातात त्याचे पाय लुळे पडले. पुढे १९८० पासून निकाराग्वातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणांबरोबर त्याने खुर्च्या घडवल्या. पुढची चाकं रुंद आणि लांबवर, म्हणजे खुर्ची पालथी होत नाही. मागे सायकलचे टायर, म्हणजे सायकलवाला पंक्चर काढू शकतो. तुम्ही काढलेल्या दोन्ही खोडींवर हाच इलाज आहे.

एक गोष्ट राहिली. काही मुलांना खुर्ची कधीच लागू नये अशी सोय आहे. जन्मतः पाऊल आत वळलेलं असतं, क्लबफूट. हजारात एखाद्या बाळाला होतं. इग्नासिओ पोन्सेटी या हाडांच्या डॉक्टरांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाय हळूहळू सरळ करत प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा प्लास्टर. बहुतेकांना टाचेमागची शीर सैल करायचा छोटा छेद लागतो. मग पट्टीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि त्यानंतर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत झोपताना. प्लास्टर फारसं महाग नाही. मोडतं ते बुटांपाशी. पाय सरळ दिसायला लागला की घरच्यांना वाटतं, झालं. बूट लहान होतात, नवे मिळत नाहीत, दवाखान्याच्या खेपेला दिवसाची मजुरी बुडते. पाऊल पुन्हा वळतं. निधीतून प्रवासखर्च आणि पुढच्या मापाचे बूट एवढंच दिलं तरी किती मुलं आपल्या पायांनी चालत शाळेत जातील!

ताई

---

प्रेषक: एक आई
प्रति: सर्व सभासद

नमस्कार,

मी यादीवर सहसा लिहीत नाही. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, चालत नाही. आम्हाला इथे सगळं मिळालं. खुर्ची, थेरपिस्ट, पायऱ्यांऐवजी उतार असलेली शाळा. तरीही तो दहा वर्षांचा झाला तेव्हा माझी पाठ गेली. दिवसातून किती वेळा उचलते ते मी कधी मोजलं नाही. म्हणून ज्या आईकडे यातलं काही नाही तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

तिला कोणीतरी दोन तास मुलाजवळ बसणारं हवं आहे. झोपायला, कामाला जायला, दुसऱ्या मुलाचा अभ्यास घ्यायला. आणि अशा चार आया एकमेकींना भेटल्या पाहिजेत. माझ्या मुलाला घास कसा द्यायचा ते मला डॉक्टरांनी सांगितलं, पण रात्री तो ओरडून उठतो तेव्हा काय करायचं ते दुसऱ्या आईने सांगितलं. तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, ‘तू शेवटची कधी झोपलीस?’ त्याआधी मला तसं कोणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, गरोदरपणात काय झालं होतं.

दुसरी गोष्ट संडासाची. ताईंनी स्पायना बायफिडाचं लिहिलं. त्यातल्या बऱ्याच मुलांना दिवसातून चार-पाच वेळा नळीने लघवी काढावी लागते. १९७२ मध्ये डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिलं की ही नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते. त्यामुळे आई ते घरी करू शकते, मोठं झालं की मूल स्वतः करू शकतं. पण शाळेत कडी लागणारी जागा आणि हात धुवायला पाणी नसेल तर ते मूल दुपारपर्यंतच शाळेत थांबतं, मग येणंच बंद होतं. शाळेची पायरी आपण उतरती करू, पण त्या एका खोलीचाही विचार व्हावा.

---

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

मंडळी,

कंटेनरचं आरक्षण आज रद्द केलं. ज्यांनी खुर्च्या देऊ केल्या त्यांनी त्या इथल्याच गरजूंना द्याव्यात, पत्ते मी वेगळे पाठवतो.

संस्थेला आजच लिहिलं आहे. मापं कोण घेतं, सहा महिन्यांनी पुन्हा कोण भेटतं, आयांचा गट आहे का, क्लबफूटच्या मुलांचे बूट कुठे अडतात आणि शाळेतल्या संडासाची काय स्थिती आहे, हे विचारलं आहे. त्यांना नेमकं काय हवं आहे हा प्रश्न आम्ही आजवर विचारलाच नव्हता, तोही विचारला. उत्तर आलं की यादीवर टाकतो. निधी एका वर्षाऐवजी तीन वर्षांत विभागून द्यावा असं मला वाटू लागलं आहे. यावर मतं कळवा.

सचिव

---

प्रेषक: नाना
प्रति: सर्व सभासद

तीन वर्षांना माझं अनुमोदन. त्यांच्याकडे वेल्डिंग येणारं कोणी आहे का तेही विचारा. नसेल तर शिकवायला मी दोन महिने जाऊ शकतो. तब्येत ठीक आहे.

---

प्रेषक: ताई
प्रति: नाना, सर्व सभासद

नाना, जरूर जा. शिकणाऱ्यांत निदान एक जण स्वतः व्हीलचेअरवर बसणारा असू द्या. आणि लहान मापाच्या बैठकीचे आराखडे आधी माझ्याकडे पाठवा, मांड्यांमधल्या खुंटीची जागा मी खूण करून देते.