डेरीनं मॅकेना कप जिंकला, पण जानेवारीच्या फॉर्मला किती भाव द्यायचा?

फॉइलकाठ · २१ जानेवारी २०२४, रात्री ९:४०

इथे आयर्लंडातली बरीच मंडळी गेलिक फुटबॉल बघतात असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय. बाहेर इशा वादळ घोंगावतंय, दिवे एकदा जाऊन आलेत, तेव्हा लिहिता लिहिता गायब झालो तर समजून घ्या.

मी डेरीत राहतो, वॉटरसाइडला. इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. शहराचा जीव तसा सॉकरवर, ब्रँडीवेल मैदानावर. गेलिक फुटबॉल खरं तर काउंटीच्या दक्षिणेकडचं वेड: माघेरा, स्लॉटनील, बॅलाघी. माझ्या विभागातल्या सीनियर बाई बॅलाघीच्या. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं काल मला गाडीत घालून ओमाला नेलं, हीली पार्कवर डॉ. मॅकेना कपची (अल्स्टर प्रांताची मोसमाआधीची स्पर्धा) फायनल बघायला. डेरीनं डोनेगलला हरवलं. गेल्या वर्षी टायरोनला हरवून जिंकला होता, म्हणजे सलग दुसरा. पाय बधिर झाले होते, पण मजा आली.

परतताना बाई म्हणाल्या, "या वर्षी सॅम आपलाच." सॅम म्हणजे सॅम मॅग्वायर कप, ऑल-आयर्लंड विजेत्याचा. डेरीनं तो एकदाच जिंकलाय, १९९३ साली, कॉर्कला हरवून. नवरा गाडी चालवत होता. तो स्ट्राबेन येईपर्यंत गप्प होता आणि मग एवढंच म्हणाला, "जानेवारी आहे."

माझी अडचण अशी की जुलैत सांगलीला यायचंय, मुलीच्या शाळेला सुट्टी तेव्हाच असते. विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त आहेत. ऑल-आयर्लंड फायनल आहे २८ जुलैला. मोसमाआधीच्या या कपावरून काही अंदाज बांधता येतो का? की बाई माहेरच्या प्रेमापोटी बोलतायत?

लिफीपल्याड · २१ जानेवारी, रात्री १०:१५

तिकीट काढून टाका 😄

आमच्या डब्लिनचं सांगतो. लेन्स्टरमध्ये याच प्रकारची स्पर्धा आहे, ओ'बर्न कप. २०१७ साली डब्लिननं त्यात सरळ दुसरी फळी उतरवली, सांभाळायला पॉल क्लार्क. मुख्य खेळाडू सुट्टीवर. तरी कप जिंकला! आणि सप्टेंबरात मुख्य संघानं मेयोला एका पॉइंटनं हरवून सॅमही नेला. आता यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढा. मी तरी काढला नाही.

टायरोनवासी · २२ जानेवारी, दुपारी १:०५

फॉइलकाठ, परवा तुम्ही आमच्याच गावात येऊन आमच्याच मैदानावर डेरीचा कप साजरा करून गेलात, हे आधी नोंदवून ठेवते.

मी ओमात फार्मसीत आहे, बरीच वर्षं. इथे लोक औषधाची चिठ्ठी देतात आणि सोबत फुटबॉलवरचं मत फुकट देतात. त्यामुळे माझ्याकडे जे आहे ते अर्धं बघितलेलं, अर्धं काउंटरवर ऐकलेलं.

मॅकेना कप म्हणजे आपल्या मुंबईची कांगा लीग समजा. कांगा लीग भर पावसात खेळतात, खेळपट्टी ओली, मैदानात घोट्याच्या वर गवत. जमिनीवरून मारलेला चेंडू जागीच बसतो, म्हणून उचलून मारावा लागतो. तिथे तीस धावा काढणारा पोरगा कोरड्या खेळपट्टीवर शतक काढेल असं कोणी म्हणत नाही, पण त्याच्यात दम आहे की नाही ते दिसतं. इथेही तसंच. जड मैदान, वारा, दिव्यांच्या उजेडातले सामने. (दोन्ही स्पर्धा डॉक्टरांच्याच नावाच्या. कांगा औषधवाले डॉक्टर, मॅकेना मात्र क्लोहरचे बिशप होते.)

आता आकड्यांत बोलू. टायरोननं २०१२ ते २०१७ सलग सहा मॅकेना कप जिंकले. सलग सहा! आमचे तेव्हाचे मॅनेजर मिकी हार्ट ही स्पर्धा कधीच हलक्यात घ्यायचे नाहीत, जानेवारीतही जिंकायलाच उतरायचे. त्या सहा वर्षांत सॅम किती? शून्य. मग २०२१ साली कोविडमुळे मॅकेना कप झालाच नाही, आणि नेमका त्याच वर्षी टायरोननं सॅम जिंकला. आमच्या काउंटरवर एक आजोबा अजून म्हणतात की मॅकेना कप बंदच करा, आपल्याला लाभत नाही. पण २००५ साली दोन्ही आले होते, म्हणजे त्यांचं शास्त्रही पक्कं नाही.

आणि तेच मिकी हार्ट आता तुमचे मॅनेजर. टायरोनला तीन सॅम देणारा माणूस लाउथमार्गे डेरीत गेला. सप्टेंबरात ती बातमी आली तेव्हा आमच्या दुकानात जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण डेरीचा जानेवारीतला जोर त्यांच्या याच सवयीचा आहे. जो माणूस जानेवारीत जिंकायलाच उतरतो, त्याच्या जानेवारीच्या विजयाला थोडा वटाव लावावा लागतो.

डोनेगलकडून बघा. अल्स्टर चॅम्पियनशिपचा ड्रॉ केव्हाच निघालाय. एप्रिलमध्ये डेरीचा पहिलाच सामना डोनेगलशी आहे. जिम मॅगिनेस परत आलेत. २०१२ साली डोनेगलला सॅम मिळवून देणारा माणूस तीन महिन्यांनी ज्यांच्याशी बाद फेरीचा सामना आहे त्यांना ओमात आपले पत्ते दाखवेल का? मला नाही वाटत.

तरीही तुमच्या बाई अगदीच हवेत नाहीत. परवाचा कप डेरीनं ग्लेन या आपल्याच काउंटीतल्या क्लबच्या खेळाडूंशिवाय जिंकला. ग्लेनची पोरं क्लबच्या ऑल-आयर्लंड फायनलला क्रोक पार्कवर होती, आणि रविवारी सेंट ब्रिजिड्सला २-१० विरुद्ध १-१२ असं हरवून आलीसुद्धा. शेवटी गोल कॉनर ग्लासचा. म्हणजे डेरीचा सर्वांत मोठा मिडफिल्डर, शिवाय ईथन डोहर्टी, किअरन मॅकफॉल, हे सगळे अजून परतायचेत. त्यांच्या जागी जी पोरं खेळली त्यांतल्या कोणाचा पाय फेब्रुवारीत संघात टिकतो ते बघा. जानेवारीत एवढंच बघण्यासारखं असतं. स्कोअर विसरा.

अजून एक. तुमचा गोलकीपर ओरन लिंच फार वर येतो. समोरच्याच्या किकआउटवर (गोलकीपर लाथ मारून खेळ पुन्हा सुरू करतो ती) दाबायला जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत. चिखलात चालतं ते, कारण लांब लाथ कोणालाच धड मारता येत नाही. मैदान कोरडं झाल्यावर काय होतं याची मला उत्सुकता आहे.

आणि या कपाला कोणी "कोण विचारतं" म्हणालं की मी गप्प बसते, त्याचं कारणही सांगते. २००४ साली टायरोनचा कप्तान होता कॉर्मॅक मॅकॅनलन, एग्लिशचा. फेब्रुवारीत डोनेगलला हरवून त्यानं मॅकेना कप उचलला. २ मार्चला पहाटे झोपेतच गेला, हृदयाचा आजार, कोणालाच माहीत नसलेला. चोवीस वर्षांचा होता. त्यानं उचललेला तो शेवटचा कप.

तिकिटाचं विचाराल तर काढा. आई-वडील आधी.

कल्याणकर · २२ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

मी फक्त क्रिकेटवाला. २-१० विरुद्ध १-१२ यात कोण कसं जिंकलं?

टायरोनवासी · २२ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. आडव्या दांडीवरून गेला तर पॉइंट, त्याचा एक. २-१० म्हणजे सोळा, १-१२ म्हणजे पंधरा.

फॉइलकाठ · १ एप्रिल २०२४, सकाळी ८:५०

ताई, धागा वर काढतोय. काल ईस्टरच्या दिवशी क्रोक पार्कवर लीगची फायनल. डेरी ३-१८, डब्लिन २-२१. दोन्ही सत्तावीस, तेही जादा वेळेनंतर! मग पेनल्टी, ३-१. डेरीला पहिल्या डिव्हिजनची लीग २००८ नंतर पहिल्यांदा मिळाली. बाईंनी आज विभागात पेढे वाटावेत तसे बन वाटले.

तुम्ही म्हणाला होतात तसं ग्लेनवाले आले आणि संघ वेगळाच दिसायला लागला. लीगच्या पहिल्याच सामन्यात ट्रलीत जाऊन केरीला हरवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तिकिटं काढून झालीत, ५ जुलैची, बदलायची तर दंड आहे. आता खरं सांगा.

टायरोनवासी · १ एप्रिल, दुपारी २:००

अभिनंदन. मनापासून, टायरोनकर असूनही.

पण दोन गोल खाल्लेत, हे विसरू नका. आणि डोनेगल दुसऱ्या डिव्हिजनची फायनल आर्माला एका पॉइंटनं हरवून येतंय. त्यांच्या गोलात शॉन पॅटन आहे. त्याची किकआउट कुठवर जाते ते बघितलंय ना? बास, मी काही बोलत नाही.

फॉइलकाठ · २० एप्रिल २०२४, रात्री ११:२०

डोनेगल ४-११, डेरी ०-१७.

मी इथल्याच, डेरीच्या सेल्टिक पार्कवर होतो. लिंच वर आला होता, पॅटननं डोक्यावरून लांब लाथ मारली, आणि डारा ओ बील मोकळ्या जाळ्यापुढे. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी आमच्या स्टँडमध्ये चेंडू जाळ्यात जायच्या आधीच लोक उठून उभे राहिले, कारण काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. नवऱ्यानं थर्मासमधला चहा ओतून मला दिला.

लिफीपल्याड · २१ एप्रिल, सकाळी ९:००

टायरोनवासी ताईंनी जानेवारीत लिहिलेला परिच्छेद कोणीतरी मिकी हार्टना पाठवायला हवा होता.

टायरोनवासी · २१ एप्रिल, सकाळी ११:४५

हार्टना माहीत नव्हतं असं समजू नका. ती जोखीम त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतली होती. पुढे दाबून चेंडू वरच हिसकावला की लीगमध्ये तोच डाव फायद्याचा ठरत होता. फरक एवढाच की मॅगिनेसना तीन महिने मिळाले, आणि जानेवारीच्या त्या फायनलमध्ये डेरीचं सगळं यंत्र त्यांच्यासमोर उघडं पडलं होतं. त्या संध्याकाळी ओमात खरा फायदा हरलेल्यांचा झाला, असं माझं मत आहे. इथे आमच्या दुकानात सगळ्यांना ते पटलं, पण टायरोनच्या लोकांना डेरीच्या बाबतीत कुठलीही वाईट गोष्ट लगेच पटते.

अल्स्टर संपलं, पण सॅमचा रस्ता उघडा आहे. गटातले सामने आहेत.

फॉइलकाठ · २९ जुलै २०२४, रात्री १२:३० (सांगली)

शेवटचं लिहून टाकतो. गटात गॅलवेनं हरवलं, मग आर्मानं घरी येऊन ३-१७ विरुद्ध ०-१५ असं धुतलं. वेस्टमीथला हरवून कसेबसे पुढे गेलो. कॅसलबारला मेयोला पेनल्टीवर हरवलं तेव्हा बाईंना पुन्हा धुगधुगी आली. उपांत्यपूर्व फेरीत केरी ०-१५, डेरी ०-१०. संपलं. माझं विमान त्यानंतर पाचव्या दिवशी होतं. हार्टनी राजीनामा दिला.

आज रात्री आठला इथे भावाच्या फोनवर फायनल बघितली. आर्मा १-११, गॅलवे ०-१३. मॅकेना कपच्या फायनललाही न पोचलेला, दुसऱ्या डिव्हिजनचा, अल्स्टर फायनल पेनल्टीवर हरलेला संघ. २००२ नंतर पहिला सॅम. वडील शेजारी बसून विचारत होते, यातले आपले कोण? मी म्हटलं, कोणीच नाही.

कल्याणकर · २९ जुलै, सकाळी ७:१५

मग पुढच्या जानेवारीत तुम्ही दोघं काय बघणार?

टायरोनवासी · १२ जानेवारी २०२५, रात्री ८:२०

कल्याणकर, उत्तर उशिरा देतेय, कारण प्रश्नच रद्द झालाय. या जानेवारीत मॅकेना कप नाही, ओ'बर्न नाही, मन्स्टरचा मॅग्रा कप नाही, कनॉटची एफबीडी लीगही नाही. चारही बंद ठेवल्या. जिम गॅव्हिन यांच्या समितीनं खेळाचे नियम बदललेत, त्यासाठी संघांना मोकळा वेळ हवा म्हणे. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर आता दोन पॉइंट. प्रत्येक संघाचे तीन खेळाडू कायम पुढच्या अर्ध्यात हवेत. गोलकीपरला आपल्याच माणसाकडून पास घ्यायचा तर स्वतःच्या मोठ्या चौकटीत, नाहीतर थेट मध्यरेषेपलीकडे.

फॉइलकाठ, डेरीला मॅनेजर म्हणून पॅडी टॅली आलेत. सामने चाललेत, पण मैत्रीचे, बंद फाटकाआड, स्कोअरसुद्धा धड बाहेर येत नाही. काल एक जण खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. त्यानं असा एक सामना कुंपणावरून बघितला म्हणे. कोणाचा, कुठे, काही सांगेना. कीपर कुठे उभा होता एवढं विचारलं मी. म्हणाला, धुकं होतं.