रोल२०: दोन स्क्रिप्टांपैकी आधी कोणती चालावी, हे कसे ठरवायचे?

खानापूर_घाट:
नमस्कार. बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथले आम्ही पाच जण दर रविवारी रात्री रोल२० या संकेतस्थळावर फाशांचा भूमिका-खेळ खेळतो. सध्याचे कथानक मी राजहंसगडाच्या तटबंदीवर रचले आहे. खेळात दोन मॉड स्क्रिप्ट, म्हणजे खेळाला जोडलेले छोटे प्रोग्राम, आहेत. पहिली ‘लक्ष्य’ या शब्दाच्या जागी सर्वांत जवळच्या शत्रूच्या टोकनची (नकाशावरील सोंगटीची) ओळख, म्हणजे आयडी, घालते आणि दुसरी चॅटमधील ‘!वार’ ही आज्ञा वाचून त्या टोकनचे प्राणगुण वजा करते. प्रत्यक्षात मात्र ‘!वार लक्ष्य’ असे लिहिले की दुसरी स्क्रिप्ट ‘लक्ष्य’ नावाचेच टोकन शोधत बसते आणि बुरुजावरचा पहारेकरी सुखरूप राहतो. पहिली स्क्रिप्ट स्क्रिप्टांच्या पानावरील टॅबांच्या रांगेत अगोदर असूनही असे का होते? दुसरीत सेटटाइमआउट (काम ठरावीक वेळाने करवणारे फंक्शन) घालून थोडा विलंब केला, तेव्हा काम झाले. पण असा अंदाजपंचे उपाय मनाला पटत नाही.

निपाणीकर:
एका खेळातल्या सर्व स्क्रिप्ट एकाच सॅण्डबॉक्समध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या बंदिस्त जागेत) चालतात आणि चॅटमधील संदेश आला की त्यावर नोंदवलेली फंक्शन्स, ज्या क्रमाने नोंदवली गेली त्याच क्रमाने बोलावली जातात. म्हणजे टॅबचा क्रम नव्हे, तर नोंदणीचा क्रम महत्त्वाचा. आपली पहिली स्क्रिप्ट बहुधा ‘रेडी’ (खेळ तयार झाल्याची सूचना) या घटनेच्या आत नोंदणी करत असावी आणि दुसरी थेट बाहेर. तसे असेल तर टॅब कोठेही असला तरी दुसरीचा नंबर आधी लागतो, कारण ‘रेडी’ सर्व स्क्रिप्ट वाचून झाल्यावरच येते. दोन्ही फंक्शन्सच्या पहिल्याच ओळीत लॉगची (स्क्रिप्टांच्या नोंदवहीत लिहिणारी) एकेक ओळ टाकून पाहावे. क्रम लगेच दिसेल. दोन्ही नोंदण्या ‘रेडी’च्या आत नेल्या की टॅबांचा क्रम लागू होईल. संदेशाची वस्तू सर्वांना एकच मिळते, त्यामुळे पहिलीने बदललेला मजकूर दुसरीला आपोआप दिसेल.

टिळकवाडी_फासे:
वरील उत्तर बरोबर आहे, पण एक अट राहिली. पहिली स्क्रिप्ट पात्राच्या टिपणांतून किंवा चरित्रातून काही वाचत असेल, तर ते उत्तर कॉलबॅकमधून (माहिती मिळाल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून) उशिरा येते आणि तोपर्यंत दुसरी चालून गेलेली असते. तेथे नोंदणीचा क्रम कितीही सुधारला तरी उपयोग नाही. अशा वेळी पहिलीने कॉलबॅकमध्ये पूर्ण आज्ञा तयार करून सेंडचॅटने (चॅटमध्ये संदेश टाकणाऱ्या फंक्शनने) नव्याने पाठवावी. मात्र त्या संदेशात खेळाडूच्या ओळखीच्या जागी ‘एपीआय’ येते आणि निवडलेली टोकन गळून पडतात, म्हणून मारणाऱ्याची ओळख आज्ञेतच लिहावी लागते. नव्या आज्ञेत ‘लक्ष्य’ हा शब्द उरू देऊ नये. माझी स्क्रिप्ट एकदा त्या चुकीमुळे स्वतःलाच हाका मारत बसली होती.

खानापूर_घाट:
दोघांचेही आभार. लॉगमध्ये ‘वार’ वर आणि ‘लक्ष्य’ खाली असे स्पष्ट दिसले. ‘वार’ची नोंदणी न हलवता ‘लक्ष्य’ची नोंदणीच ‘रेडी’च्या बाहेर आणली. तिला टिपणे वाचावी लागत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर भागले आणि सेटटाइमआउट काढून टाकला. पहारेकरी पहिल्याच वारात पडला.