विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचा वेगळा विभाग हवा की नको?

जुना खडू:
मी कॉमर्स कॉलेजात इंग्रजी शिकवतो. नवीन शैक्षणिक धोरण आलं आणि 'कम्युनिकेशन स्किल्स'चा दोन क्रेडिटचा पेपर माझ्या गळ्यात पडला. अर्ज, ईमेल, बायोडेटा, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे, असला सगळा मामला. परवा तोंडी परीक्षेत एका मुलीला विचारलं, "गावाची एसटी बंद झाली, डेपो मॅनेजरला कसं पटवशील?" तिने झकास प्रस्तावना केली, हसरा चेहरा ठेवला, थँक्यू म्हणाली. गाडी कितीची होती, किती मुली अडकल्या, यातलं एक अक्षर नाही. तरी दहापैकी आठ द्यावे लागले. रकाने तीनच: आवाज, देहबोली, आत्मविश्वास. मुद्द्याला रकानाच नाही!

मुद्दा बांधायचा कसा, समोरच्याला काय पटेल, याचं शास्त्र ॲरिस्टॉटलपासून आहे. हार्वर्डमध्ये १८०६ साली त्याचं प्राध्यापकपद मिळालेले जॉन क्विन्सी ॲडम्स पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिथल्याच बर्कली विद्यापीठात आजही रेटरिकचा, म्हणजे याच वक्तृत्वशास्त्राचा, वेगळा विभाग आहे. आपल्याकडे का नको?

पारावरचा:
सर, हार्वर्डच्या त्या खुर्चीचं पुढे काय झालं तेही सांगा की. बॉयल्स्टन प्राध्यापकपद ते. वक्तृत्वाचं हळूहळू साहित्याचं झालं, शेमस हीनींसारखे कवी त्यावर बसले. आणि आपल्याकडे नवा विभाग म्हणजे काय? एक हेड, दोन तासिका तत्त्वावरचे, एक कुलूपबंद कपाट. आधी मराठी विभागातल्या रिकाम्या जागा भरा.

जुना खडू:
तिथलीच दुसरी गोष्ट ऐका. १९१४ साली भाषणकला शिकवणारे सतरा जण इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले. साहित्यवाल्यांच्या पंक्तीत आपलं पान शेवटी वाढलं जातं, ही तक्रार. त्यांनी वेगळी चूल मांडली, तीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. भाषा विभागात राहते तोवर ही विद्या सावत्रच.

ओहायोकर:
मी इथे एमए करताना पब्लिक स्पीकिंगचे वर्ग घेतलेत. भाषणाआधी प्रत्येकाकडून मुद्द्यांचा आराखडा घ्यायचो, कुठली माहिती कुठून घेतली त्यासकट. निम्मी भाषणं तिथेच कोसळायची. 'असं म्हणतात' खाली काहीच नसायचं. ते शिकवण्यासारखं आहे, याबद्दल वाद नाही. पण हे वर्ग कोण घेतं? माझ्यासारखी स्वस्तातली पोरं. मोठे प्राध्यापक आपापल्या संशोधनात. वेगळा विभाग असला म्हणजे विषयाला मान असतोच असं नाही.

ढालवाली:
माझा साफ विरोध. शाळेत वक्तृत्वाच्या तेरा ढाली मिळवल्यात मी. भाषण बाई लिहून द्यायच्या, हात कुठल्या वाक्याला वर न्यायचा तेही वहीत बाणाने दाखवलेलं. 'मोबाइल शाप की वरदान'मध्ये एका वर्षी शाप, पुढच्या वर्षी वरदान. दोन्हीला पहिली! प्लेटोचा सॉक्रेटिस वक्तृत्वाला स्वयंपाकाच्या ओळीत बसवतो ते उगाच नाही: चव आहे, औषध नाही. (स्वयंपाकावर अन्याय आहे, ते सोडा.) आपल्या न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने, तर वर्गवारीच केली. खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडायला वितंडा. आपण 'वितंडवाद' तेवढा रोजच्या बोलण्यात ठेवला. हे शिकवायचंच तर तत्त्वज्ञानवाल्यांकडे द्या, स्टेजवाल्यांकडे नको.

जुना खडू:
ढालवाली, तुम्ही सांगताय तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. बाण काढून देणाऱ्या बाईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पारावरचा:
एक विचारू? त्या मुलीला प्रश्न कुठल्या भाषेत विचारलात?

जुना खडू:
इंग्रजीत. पेपरच इंग्रजीचा.

पारावरचा:
आणि डेपो मॅनेजर?

जुना खडू (दुसऱ्या दिवशी):
आज व्हरांड्यात भेटली. मराठीत विचारलं. पावणेसातची गाडी बंद झाल्यापासून नऊ जणी वडापने येतात, एकीला घरच्यांनी घरीच बसवलं. डेपोत अर्ज दोनदा दिलाय, पोच आहे, ती दाखवलीसुद्धा. दोन मिनिटांत सगळं. गुण काल संध्याकाळीच अपलोड झालेत.