खोक्यावर १२०० वॅट, माहितीपुस्तिकेत ७० × ४. यातलं खरं काय धरायचं?

प्रश्नकर्ता

गाडीत बसवायला चार चॅनलचा क्लास-डी ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे. खोक्यावर '१२०० वॅट' छापलंय. आतल्या पुस्तिकेत मात्र ४ ओहमवर ७० वॅट × ४, २ ओहमवर १०० वॅट × ४ आणि ब्रिज केल्यास, म्हणजे दोन चॅनल एकत्र जोडल्यास, ४ ओहमवर २०० वॅट × २ असे आरएमएस (सतत मिळणाऱ्या पॉवरचे) आकडे आहेत. ॲम्पवर २० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत.

पुढचे कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे) ४ ओहमचे, ६० वॅट आरएमएस. सब (सबवूफर) १२ इंची, २५० वॅट आरएमएस, त्याला ४-४ ओहमच्या दोन वॉइस कॉइल. चॅनल १-२ वर कंपोनंट आणि ३-४ ब्रिज करून सब, असा बेत आहे.

सबला खरंच २०० वॅट मिळतील का? आणि हेड युनिटवरच (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर) '५० × ४' लिहिलंय, मग ७० × ४ च्या ॲम्पने एवढा काय फरक पडणार?

चारओहम

आधी १२०० चा निकाल लावू. ॲम्प बॅटरीतून जेवढं घेतो त्याहून जास्त स्पीकरला देऊ शकत नाही, आणि तो किती घेणार याचा अंदाज फ्यूज देतो. दोन्ही मिळून ४० अँपिअर. ४० × १३.८ व्होल्ट = ५५२ वॅट आत जातात. क्लास-डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सुमारे ४४० बाहेर येतात. पुस्तिकेतले १०० × ४ = ४०० त्यात नीट बसतात, १२०० कुठूनही बसत नाहीत. म्हणजे तुमचा ॲम्प ४०० वॅटचा, आणि पुस्तिका प्रामाणिक आहे. (क्लास-एबी असता तर ८० ऐवजी ५०-६० टक्के धरायचे.) पुढे कधी ॲम्प निवडताना सीटीए-२००६ या मोजणीच्या मानकाप्रमाणे दिलेला आकडा बघा. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृती या अटी ठरलेल्या असतात, त्यामुळे दोन ॲम्पची तुलना करता येते.

आता हेड युनिट. त्यातल्या ॲम्पच्या आयसीला (चिपला) गाडीचा व्होल्टेज वाढवायची सोय नसते, १४.४ व्होल्टमध्येच सगळं भागवायचं. साइन वेव्हचं शिखर १४.४ असेल तर आरएमएस १०.२ व्होल्ट, आणि ४ ओहमवर १०.२ × १०.२ ÷ ४ = २६ वॅट. आयसीतली घट वजा केली की १८ ते २२ उरतात. मग ५० आले कुठून? १४.४ × १४.४ ÷ ४ = ५२. पूर्ण चौकोनी झालेल्या, म्हणजे ठार क्लिप झालेल्या (शिखरं छाटली गेलेल्या) सिग्नलचा तो आकडा आहे. तुमची खरी तुलना २० विरुद्ध ७० अशी आहे, साधारण ५ डेसिबलचा फरक, आणि तो कानाला स्पष्ट कळतो.

ब्रिजवाला

सबबद्दल. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला अर्धाच ओहम दिसतो, हे एक लक्षात ठेवलं की बाकी पुस्तिकेतून काढता येतं. ४ ओहमचा सब असेल तर चॅनलला २ ओहम दिसतात, १०० + १०० = २००. पुस्तिकेतला आकडा तिथूनच आलाय.

तुमच्या ४+४ कॉइलमधून ४ ओहम जमतच नाहीत. समांतर जोडल्या तर २, सिरीजमध्ये ८. समांतर जोडून ब्रिज केलं तर प्रत्येक चॅनलला १ ओहम दिसेल. ॲम्प २ पर्यंतच सांगितलाय, त्यामुळे प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे स्वतःच बंद पडेल, किंवा आउटपुटचे मॉस्फेट (ट्रान्झिस्टर) उडतील. म्हणून सिरीज करा. तेव्हा चॅनलला ४ ओहम, ७० + ७० = १४० वॅट.

१४० ऐकून हिरमुसू नका. २०० आणि १४० मध्ये जेमतेम दीड डेसिबलचा फरक आहे, सबच्या पेटीच्या आकाराने आणि जागेने त्याहून जास्त फरक पडतो. पूर्ण २०० च हवे असतील तर याच सबचं २+२ ओहमचं रूप मिळतं का पाहा. त्याच्या कॉइल सिरीजमध्ये बरोबर ४ होतात.

प्रश्नकर्ता

मग एकच कॉइल जोडली तर? ती ४ ओहमचीच आहे.

ब्रिजवाला

अजिबात नको. सबचे २५० वॅट दोन कॉइल मिळून असतात, एकीच्या वाट्याला साधारण १२५. तिच्यावर २०० सोडले तर ती जळते, दुसरी नुसती हलत राहते.

मल्टिमीटर

गेनचं बटण आवाज वाढवायला नसतं, हेड युनिटच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला असतं. लागणारे व्होल्ट म्हणजे वॅट × ओहमचं वर्गमूळ. कंपोनंटला ७० × ४ = २८०, वर्गमूळ १६.७. सबला १४० × ८ = ११२०, वर्गमूळ ३३.५.

स्पीकरच्या तारा काढा, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, गेन पूर्ण कमी. हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश. सबसाठी ५० हर्ट्झचा ० डेसिबल टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि ३३.५ येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. मीटर ब्रिजच्या दोन टर्मिनलवरच लावायचा. कंपोनंटसाठी हायपास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) तात्पुरता बंद करून २०० हर्ट्झ वापरा. १००० हर्ट्झ सुचवतात, पण बरेच साधे मीटर ४०० च्या वर नीट मोजत नाहीत. नंतर हायपास आणि सबचा लोपास (वरचे सूर अडवणारा) दोन्ही ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

चारओहम

यात एक भर: इंजिन चालू ठेवून मोजा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट मिळतात, आणि ॲम्पचा पुरवठा नियंत्रित नसेल तर ७० चे ५३-५४ च वॅट उरतात. तेव्हा १६.७ पर्यंत पोचायला गेन ताणला की क्लिपिंग ठरलेलं, आणि पहिला जातो तो ट्वीटर.

बॅटरीपासून ॲम्पपर्यंतची तार शुद्ध तांब्याची ४ गेज घ्या (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). ५ मीटरवर ४० अँपिअरला ८ गेजमध्ये ०.४ व्होल्ट पडतात, ४ गेजमध्ये ०.१६. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर एक माप जाड. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ५० अँपिअरचा फ्यूज हवाच, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. ग्राउंडही त्याच जाडीचं, आखूड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

प्रश्नकर्ता

कॉइल सिरीजमध्ये जोडून मोजल्या. मीटर ७.१ दाखवतोय, ८ नाही. जोडणी चुकली का?

ब्रिजवाला

बरोबर आहे. मीटर डीसी रोध मोजतो, तो छापील ओहमपेक्षा नेहमी थोडा कमीच येतो. समांतर जोडल्या असत्या तर १.८ च्या आसपास दिसलं असतं. आता एका कॉइलचा धन दुसरीच्या ऋणाला जोडलाय ना, तेवढं बघा. धन-धन किंवा ऋण-ऋण जोडले तरी मीटर ७.१ च दाखवेल, पण कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतील आणि कोन जागचा हलणार नाही.