सल्ला हवा: बाबांच्या लष्करी नोंदीत १९७१चं पदकच नाही

नेहरूनगरची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. १९६८ला भरती झाले, १९८३ला पेन्शन घेऊन घरी आले आणि पुढे वीस वर्षं बँकेत गार्ड होते. गेल्या १६ डिसेंबरला कुर्ल्यात आमच्या सोसायटीने विजय दिवसाचा छोटासा कार्यक्रम केला. बाबांनी कोट काढला, त्यावर एक पदक लावलं. बी विंगमधले काका नौदलातले, त्यांच्या छातीवर चार. माझ्या मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, "आजोबा, तुमचं एकच का?" बाबा म्हणाले, "आमची वाटेत राहिली." सगळे हसले, तेही हसले. रात्री मात्र जेवले नाहीत.

मग मी डिस्चार्ज बुक शोधलं. २६ जुलैला ट्रंकेत पाणी शिरलं होतं, त्यामुळे शेवटची पानं एकमेकांना चिकटली आहेत. पदकांच्या रकान्यात एकच नोंद दिसते, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाच्या पदकाची. बाबा डिसेंबर १९७१मध्ये पूर्वेला, सीमेपलीकडे होते. त्यांचं मूळ युनिट वेगळं, पण लढाईत ते गाडीसकट दुसऱ्या युनिटला जोडले होते. जानेवारीत पाय मोडून इस्पितळात गेले आणि तिथून थेट तिसरीकडे पोस्टिंग झालं. कोअर, युनिट इथे मुद्दाम लिहीत नाही.

इतक्या वर्षांनी ही नोंद दुरुस्त होते का? अर्ज कुठे करायचा? कुणी केलंय का हे?

चेंबूरचा_चहावाला

ताई, मानखुर्दला चीता कॅम्पात लष्कराचं रेकॉर्डचं ऑफिस आहे ना? हार्बरने चार स्टेशनं. सकाळी जाऊन विचारून या.

दर्याचा_राजा

थांबा, त्यांना उगाच पिटाळू नका. मानखुर्दचं ते ब्यूरो ऑफ सेलर्स, म्हणजे फक्त नौदलाच्या खलाशांचं. आर्मीचा माणूस गेटवरूनच परत येईल. हवाई दलवाल्यांचं रेकॉर्ड दिल्लीला, सुब्रतो पार्कात. आर्मीत ज्याच्या-त्याच्या रेजिमेंटचं किंवा कोअरचं रेकॉर्ड ऑफिस निराळं असतं.

निवृत्त_कारकून

मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं असलीच रजिस्टरं चाळण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पदकाची नोंदच झाली नाही, ही एक. नोंद झाली पण पदक हातात पडलं नाही, ही दुसरी. डिस्चार्ज बुक तुमच्या घरचं. खरी नोंद रेकॉर्ड ऑफिसात, शीट रोलवर, म्हणजे तिथे ठेवलेल्या सेवेच्या मूळ नोंदपत्रावर. बुकात नाही म्हणजे शीट रोलवरही नाही, असं धरून चालू नका. माणूस घरी जायच्या घाईत असतो, समोर आणखी तीस बुकं भरायची असतात, आणि कारकून मागची पानं उलटत नाही. माझ्या हातूनही झालंय, म्हणून सांगतो.

आता बाबांच्या त्या एका पदकाकडे बघा. २५व्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ला जो जो नोकरीत होता त्या प्रत्येकाला मिळालं. त्यासाठी माणूस कुठे होता हे कुणाला तपासावं लागलं नाही, म्हणून ते आलं. ‘पूर्वी स्टार’ या १९७१च्या पदकाचं तसं नाही. तो पूर्व आघाडीच्या कारवाईत असलेल्यांना, जसा पश्चिमेला पश्चिमी स्टार. तिथे कोण होतं याची यादी युनिटने करायची आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघून नोंद चढायची. जोडलेली माणसं नेमकी इथेच सुटतात. लढाईतलं युनिट म्हणतं हा आमचा नव्हे, मूळ युनिट म्हणतं हा तेव्हा आमच्याकडे नव्हता. त्यात माणूस इस्पितळात गेलेला असला की तो दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडलाच म्हणून समजा.

पूर्वी स्टार मागताना संग्राम मेडलही मागा. सीमेलगतच्या ठरावीक राज्यांत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या मुदतीत जे कामावर होते त्यांचं ते. पूर्वेकडची पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम त्यात येतात. आणि तुम्ही स्वतः लिहिलंय, १९६८ ते १९८३. पंधरा वर्षं झाली, मग नऊ वर्षांच्या सेवेचं पदक कुठे आहे? तेही विचारा. एका अर्जात तिन्ही.

अर्ज बाबांच्या सहीने, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं, सिकंदराबादला. पहिल्या ओळीत आर्मी नंबर. खाली मूळ युनिट, कुठल्या युनिटला कधीपासून कधीपर्यंत जोडले, कोणत्या इस्पितळात दाखल झाले, तिथून पोस्टिंग कुठे. तारखा आठवत नसतील तर महिना लिहा, पण अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. ती चुकली की उत्तर येतं, "नोंदीशी जुळत नाही."

बाबांना पेन्शन आहे हे फार बरं झालं. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, मग लाँग रोलवरची, म्हणजे नावांच्या कायमच्या रजिस्टरातली, एखादी ओळ उरते. तुमचं प्रकरण तसं नाही.

राजपत्र_वाचक

भारताच्या राजपत्रात १९७२च्या याद्या आहेत. तिथे नाव मिळालं की झालं काम.

निवृत्त_कारकून

साहेब, तुम्ही म्हणताय ती शौर्यपदकं. वीरचक्र, सेना मेडल वगैरे नावानिशी राजपत्रात छापतात. स्टार हे मोहिमेचं पदक आहे. युनिट तिथे होतं, माणूस युनिटात होता, एवढ्यावर ते मिळतं. राजपत्रात शोधत बसल्या तर ताईंना नाव सापडणार नाही आणि त्या उगाच खचतील.

माहितीचा_अधिकारी

माझं मत वेगळं आहे. अर्जाला उत्तर यायला युगं लागतात. आधी माहिती अधिकार टाका. फी १० रुपये, केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येते, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. "माझ्या शीट रोलची प्रत आणि माझ्या नावे नोंदलेल्या पदकांची यादी" एवढंच मागा. अर्जदार बाबाच हवेत. मुलीने मागितलं तर त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती म्हणून नाकारतील. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

निवृत्त_कारकून

प्रत मागायला माझी हरकत नाही. पण माहिती अधिकारात जे आहे ते मिळतं, जे नाही ते चढवून मिळत नाही. नोंद करा म्हणून सांगायला अर्जच लागतो. दोन्ही एकाच आठवड्यात टाका, एकमेकांची वाट बघू नका.

सातारी_मिरची

शीट रोलवर नोंद नसेलच, तर पुरावा म्हणून युनिटचा इतिहास जोडा. कुठलं युनिट कोणत्या तारखेला कुठे होतं हे १९७१बाबत बऱ्यापैकी छापलेलं आहे. उदाहरण देतो. १ मराठा, आपली जंगी पलटण, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांगलादेशातल्या जमालपूरला होती. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरणागतीचं पत्र धाडलं, तर त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. जमालपूर पडल्यावर मराठे टांगाइलच्या दिशेने निघाले आणि पुंगली पुलाशी हवाई छत्रीने उतरलेल्या २ पॅराला जाऊन मिळाले. २ पॅरा म्हणजे मूळची मराठ्यांचीच पलटण, ही आपली घरची गंमत.

वाहवत गेलो. सांगायचं हे, की बाबा ज्या युनिटला जोडले होते त्याची हालचाल आणि बाबांच्या आठवणीतली गावं-नद्या जुळल्या तर अर्जाला वजन येतं. बाबांना तारखा विचारू नका, कोणती नदी कशावरून ओलांडली ते विचारा.

चोरबाजारी

एक सावधगिरी. कँटीनच्या रांगेत एक भला गृहस्थ भेटला होता, "पदक काढून देतो" म्हणाला. माझ्या मेव्हण्याचे १५ हजार गेले. वर जे पदक आणून दिलं त्याच्यावर भलत्याच माणसाचा नंबर आणि नाव कोरलेलं! मटन स्ट्रीटवर असली जुनी पदकं टोपलीत पडलेली असतात. खरं पदक रेकॉर्ड ऑफिसातूनच येतं.

नेहरूनगरची_लेक

बाप रे. सगळ्यांचे आभार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन काही उपयोग आहे का? आणि या पदकांनी पेन्शन वाढते का? भावाने विचारायला सांगितलंय.

दर्याचा_राजा

पेन्शनला एक पैसा नाही. भावाला सांगा, रोख रक्कम शौर्यपदकांना असते. सैनिक कल्याणवाल्यांकडे पदकांची नोंद नसते, पण ते कागद साक्षांकित करून अर्ज पुढे पाठवतात. त्यांच्या पत्राने अर्जाला जरा धार येते. कुर्ला म्हणजे उपनगर, तेव्हा उपनगर जिल्ह्याच्या कार्यालयात जा.

वकीलबाई_दादर

नावाचं बघून घ्या. आधार, पेन्शनचे कागद आणि डिस्चार्ज बुक या तिन्हींवर स्पेलिंग एकच आहे ना? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रकरणांत मूळ गाठ तीच असते. भरतीच्या वेळी कुणीतरी "रामराव"चं "राम राव" केलेलं असतं. फरक असेल तर आधी ते प्रतिज्ञापत्र करा.

आणि शेवटचा रस्ता म्हणून सांगते, आज लगेच नको. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं पीठ मुंबईत आहे, २००७च्या कायद्याने आलेलं. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत तिथे जायचं असतं. अर्ज करून सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. दरमहा मिळणाऱ्या पेन्शनच्या प्रकरणांत उशीर बराच खपवून घेतात, पदकाच्या बाबतीत तसं गृहीत धरू नका. म्हणून अर्जाची पोच जिवापाड जपा. घड्याळ तिथून सुरू होतं.

नेहरूनगरची_लेक

तीन आठवड्यांनी परत आले. अर्ज आणि माहिती अधिकार दोन्ही गेलं.

सातारी_मिरची, तुमचा नदीचा प्रश्न बाबांना विचारला. एरवी दोन वाक्यं न बोलणारा माणूस तासभर बोलला. गाड्या तराफ्यावर चढवल्या होत्या म्हणे, आणि एक गाडी पाण्यात गेली. हे आईलाही माहीत नव्हतं. आईने उठून माळ्यावरची पिशवी काढली. त्यात बाबांची तिला आलेली अकरा अंतर्देशीय पत्रं. त्यातल्या सातांवर परतीच्या पत्त्यात "द्वारा ९९ एपीओ" आहे, बाकीच्यांवर ५६. याचा काही अर्थ होतो का?

निवृत्त_कारकून

होतो की! एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. ९९ एपीओची टपाल कलकत्त्याहून फुटायची, ५६ची दिल्लीहून. म्हणजे ती सात पत्रं पूर्वेकडून आलीत. एवढ्यावरून सीमेपलीकडे होते असं सिद्ध होत नाही, कारण आसामात शांततेत बसलेल्यालाही ९९च असायचं. पण तारखेच्या शिक्क्यासकट तो चांगला जोडपुरावा आहे. वर युनिटचं नाव लिहिलं असेल तर उत्तमच, ते जोडलेलं युनिट की मूळ, हे आधी बघा.

झेरॉक्स काढताना आतला मजकूर देऊ नका, तो आईंचा आहे. पत्त्याची बाजू तेवढी काढा, शिक्का तिथेच असतो. आणि मूळ पत्रं कुणी मागितली तरी हातची सोडू नका.